कंबर मागच्याइतकीच

माझं आणि भावजींचं कधी पटलं नाही, आणि पटावं म्हणून मी कधी खटपटही केली नाही. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. दारू नाही, आवाज चढवणं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण मला त्यांच्या तोंडातली साखर सोसत नाही. वाळत घातलेले कपडे पावसात भिजले तर हा माणूस म्हणणार, बरं झालं, धूळ तरी बसली. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे उशीला गुद्दे मारायचे. हात दुखतो, उशी हसतेच आहे.

भावजी शिंपी. पुरुषांचे कोट आणि पॅन्ट शिवतात. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर आणि मधे अरुंद लोखंडी जिना. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात. मापं घेणं आणि गोड बोलणं हे मास्तरांचं काम. पडद्यामागे मोठ्या टेबलावर कापड बेतणं आणि कापणं हे माझ्या ताईचं. एकदा कात्री फिरली की ती रेघ पुन्हा बघावी लागत नाही, असा तिचा हात. मी दाराजवळच्या स्टुलावर बसून काजं करते, बटणं लावते आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना नावं ठेवते. ताई मला मिरची म्हणते. कुणी काही म्हटलं तरी मला फरक पडत नाही.

या दुकानाची एक रीत आहे, बाहेर कुणाला ठाऊक नसलेली. जुनं गिऱ्हाईक नवी पॅन्ट शिवायला येतं. मधल्या काळात त्याचं पोट सुटलेलं असतं आणि ते त्यालाही कळत असतं, म्हणून ते श्वास आत ओढून उभं राहतं. मास्तर टेप गुंडाळतात, वाकून बघतात आणि पडद्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात सांगतात, "कंबर चौतीस! मागच्याइतकीच!" गिऱ्हाइकाचा चेहरा असा खुलतो की बघत राहावं. आणि त्याच वेळी मास्तरांचं मधलं बोट काउंटरच्या लाकडावर वाजतं. टक, टक, टक. एक टक म्हणजे एक इंच. पडद्यामागे ताई चौतिसाचे सदतीस करते आणि कापते. पॅन्ट तयार होते, अंगाला छान बसते, आणि आपण अजून पूर्वीसारखेच आहोत या आनंदात गिऱ्हाईक छाती काढून घरी जातं. पुढच्या वेळी येताना मित्राला घेऊन येतं.

मी एकदा तोंडावर म्हटलं, ही फसवणूक आहे.

"मेहुणीबाई," भावजी म्हणाले, "कापड तर खऱ्या मापानेच कापलं जातं ना? मग तोंडाने चार शब्द गोड बोललो तर कुणाचं काय जातं?"

ताईचं जाणार होतं. पण ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं, नाहीतर त्यांचं ते बोट मी तिथल्या तिथे शिवणयंत्राखाली धरलं असतं.

ताईचं दुखणं सर्दीचं निमित्त करून आलं. नाकातून रक्ताच्या खपल्या पडायच्या, मग सांधे धरले, मग ताप चढायला लागला. एके दिवशी टेबलावर पांढरं कापड पसरून खडूने रेघ मारता मारता तिला खोकल्याची उबळ आली आणि रक्त पडलं. मी त्या दिवशी कामावर नव्हते. लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात नेल्यावर आजाराला नाव मिळालं, व्हॅस्क्युलायटिस. शरीराची राखण करणारी फौजच उलटते आणि स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर चालून जाते, त्यांना सूज येते, त्या फुटतात. ताईची फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं त्यात सापडली होती. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तिला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. त्या गोळ्यांना मी वाईट म्हणणार नाही. मी बहुतेक सगळ्यांना वाईट म्हणते, पण गोळ्यांना नाही.

ती घरी आली ती गोल चेहरा घेऊन. शेजारीणकाकू भेटायला आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "अगंबाई, काय तब्येत सुधारली गं! चेहरा कसा चंद्रासारखा झालाय!" मी त्यांना सांगितलं, गोळ्यांनी सुजलेल्या या चेहऱ्याला डॉक्टरही चंद्रच म्हणतात, पण ते कौतुक नसतं. काकू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. उत्तम झालं.

ताईच्या डॉक्टरीणबाईंना मी मनातल्या मनात करवत म्हणायचे. आवाज तसाच आणि बोलणंही तसंच. हसणं नाही, पाठीवर हात फिरवणं नाही. घरी सोडताना त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

"आजार आता शांत आहे," त्या म्हणाल्या. "पण या आजाराच्या माणसांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे नीट ऐका. सुजेने रक्तवाहिन्यांचं अस्तर आतून खराब झालंय. त्यात या गोळीने साखर वाढते, रक्तदाब वाढतो, रक्तातली चरबी वाढते आणि पोट सुटतं. वजनकाट्यावर विसंबू नका. हातापायांचे स्नायू झडतात, पोट वाढतं, आणि काटा म्हणतो काही बदल नाही. म्हणून दर महिन्याला बेंबीच्या रेषेत कंबर मोजायची आणि मला फोनवर सांगायची. वाढायला लागली तर मी गोळी हळूहळू थोडी कमी करीन आणि जोडीला दुसरं औषध देईन. घरी नीट मोजणारं कुणी आहे?"

भावजी खुर्चीत ताठ झाले. "मॅडम, मी शिंपी आहे. टेप गळ्यात घेऊनच झोपतो म्हणा ना."

"मग माझी काळजी मिटली," असं करवत म्हणाली. तेवढं एकच वाक्य ती बाई आयुष्यात गोड बोलली असेल, आणि नेमकं तेच चुकलं.

मोजणं वरच्या खोलीत व्हायचं. मी नसायचे. मला ऐकू यायचा तो दुकानात येऊन ताईने केलेला फोन. "मॅडम, चौतीस. हो, मागच्याइतकीच." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. ते ऐकताना माझी सुई बोटात शिरायची, कारण डोळे मलाही आहेत. ताई स्वतःचे कपडे स्वतः शिवते आणि ते आता तंबूसारखे व्हायला लागले होते. तंबूतून बाहेर आलेले हातपाय काड्यांसारखे, आणि मधे पोट. जिना चढताना ती मधेच थांबायची आणि कठडा धरून उगाच खाली बघत राहायची, जणू काही विसरलंय.

मग दाढ सुरू झाली. खालची, डावीकडची. जिना चढून वर पोचली की गालाला हात लावून बसायची.

"दाढा कुरकुरतातच या वयात," भावजी लवंगेच्या तेलाचा बोळा करून द्यायचे. "जरा बसलीस की थांबतंय ना? मग झालं तर."

दातांच्या डॉक्टरने सगळं तोंड तपासून सांगितलं की दाढेला काहीही झालेलं नाही. यावर कुणाही शहाण्या माणसाला घाम फुटला असता. भावजी दुकानात येऊन सांगत सुटले, "बघा, दाढसुद्धा ठणठणीत!"

मी ताईला पडद्यामागे गाठलं. "तू फुगतेयस."

"तुझी नजर वाईट आहे."

"नजर वाईट आहे, आंधळी नाही. आण ती टेप. मी मोजते."

तिने माझ्या हातातली टेप काढून घेतली, स्वतःच्या गळ्यात टाकली आणि कापडाचा तागा उलगडला. "काजं पडलीत तुझी. जा, कामाला लाग."

तेव्हा मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं की भावजी ताईला फसवतायत. गिऱ्हाइकाला सांगतात तसा तिलाही जुनाच आकडा सांगतायत आणि ती बिचारी भोळेपणाने तो पुढे कळवतेय. मी त्यांच्याकडे बघणं सोडलं. चहाचा कप त्यांच्या हातात द्यायच्या ऐवजी काउंटरवर आपटायला लागले. त्यांनी एकदा विचारलं, "मेहुणीबाई, आज कुणावर राग?" मी म्हटलं, "आज नाही, रोजच." ते हसले. उशी, दुसरं काय.

त्या दुपारी दुकानात वकीलसाहेब उभे होते. आमचं फार जुनं गिऱ्हाईक, कोर्टात म्हणे समोरच्याला घाम फोडतात, पण आमच्याकडे आले की पोट आत घेऊन शाळेतल्या मुलासारखे उभे राहतात. भावजींनी त्यांच्या कमरेला टेप लावली होती. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. ताईचे हात खडूने भरलेले, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला आणि फोन काउंटरवर ठेवला.

"तुमच्या रक्ताचे रिपोर्ट आलेत माझ्याकडे," करवत बोलत होती. "साखर चढली आहे. चरबी चढली आहे. दाबही वाढलेला लिहिलाय. आणि कंबर तेवढी जागच्या जागी? असं होत नाही. आत्ता मोजा. मी फोनवर आहे."

"आत्ता गिऱ्हाईक आहे, मॅडम," भावजी म्हणाले.

"गिऱ्हाइकाला थांबवा."

वकीलसाहेबांनी स्वतःच टेप सोडवून भावजींच्या हातात दिली. ताई पडद्याबाहेर आली आणि काउंटरजवळ उभी राहिली. तिने श्वास आत ओढला नाही. भावजींनी तिच्याभोवती टेप नेली, पुढे जुळवली, वाकून बघितलं. त्यांच्या टाळूवर घाम आलेला मला दिसत होता.

"चौतीस!" भावजी म्हणाले. "मागच्याइतकीच!"

आणि बोट वाजलं. टक, टक, टक, टक, टक.

मला नाही वाटत त्यांनी ते ठरवून केलं. तोंडाला आणि बोटाला इतक्या वर्षांची सवय होती, दोघांनी आपापलं काम केलं. फोन चालू आहे हे बोटाला कुणी सांगितलं नव्हतं. मी ताईकडे बघितलं, तर तिला जराही नवल वाटलेलं नव्हतं. टकटक मोजताना हलतात तसे तिचे ओठ हलले होते. भोळी बिचारी वगैरे काही नव्हती ती. वरच्या खोलीतही दर महिन्याला हेच चाललेलं होतं, आणि दर महिन्याला तिने बेरीज केलेली होती.

"हे काय वाजतंय?" फोनमधून आवाज आला.

वकीलसाहेब म्हणाले, "मीही इतकी वर्षं ऐकतोय. मला वाटायचं मास्तरांची लकब आहे."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे बोलायला भरपूर होतं, पण ताई माझ्या आधी बोलली.

"एकोणचाळीस," ती म्हणाली. "मॅडम, कंबर एकोणचाळीस आहे."

मी फोनकडे तोंड करून ओरडले, "आणि हिची दाढही दुखते! दातांचा डॉक्टर म्हणतो दाढ चांगली आहे!"

"कधी दुखते?"

"जिना चढल्यावर," ताई म्हणाली. "बसलं की थांबते."

"दाढेला जिना कळत नाही," करवत म्हणाली. "ते हृदयाचं दुखणं आहे. काल किती वेळा दुखलं?"

"काल... बसल्या बसल्याही एकदा दुखलं."

"वर जाऊ नका. काही बांधाबांध करू नका. आहात तशा निघा, मी इथे हृदयाच्या डॉक्टरांना सांगून ठेवते. गाडी मिळते का बघा, नाहीतर रुग्णवाहिका बोलवा."

"गाडी माझी आहे," वकीलसाहेब म्हणाले.

अशी आमची वरात निघाली. वकीलसाहेब अर्धवट मापाचे, पुढे त्यांच्या शेजारी भावजी, मागे मी आणि ताई. ताईच्या हातांवर अजून खडू होता. मी कारचं दार लागायचीसुद्धा वाट बघितली नाही.

"बायकोला गिऱ्हाईक समजलात तुम्ही?"

"मी तिला खरंच सांगत होतो," भावजी पुढे बघत म्हणाले. "दर वेळी खरंच सांगितलं."

"बोटाने!"

"बोटाने."

"आणि तोंडाला काय झालं होतं?"

"तोंडाने मला जमत नाही गं," ते म्हणाले. "तिच्याकडे बघून तर नाहीच जमत."

मी ताईकडे वळले. तिच्यावर ओरडायला नको हे मला कळत होतं. पण कळणं आणि थांबणं या माझ्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "आणि तू? तुला तर खरा आकडा माहीत होता."

"कटर आहे मी. माहीत नसायला काय झालं."

"मग डॉक्टरला खोटं का सांगितलंस?"

ताई खिडकीबाहेर बघत होती. "कंबर वाढली तर गोळी कमी करीन म्हणाल्या होत्या."

"थोडी कमी करीन म्हणाल्या होत्या! हळूहळू म्हणाल्या होत्या! मी तिथेच बसले होते."

"थोडी," ताई म्हणाली, आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली. "थोडी म्हणजे किती, हे तू मला शिकवणार? जन्म गेला माझा लोकांच्या गोड शब्दांत इंच मिळवण्यात. डॉक्टर थोडी म्हणते, म्हणजे बंद करणार. बंद केली की पुन्हा ते रक्त. पोट सुटलं तर सुटू दे, मी मोठा कपडा शिवीन. रक्त ओकून मला पुन्हा जगायचं नाही."

"आणि हृदयाचा धोका जास्त आहे म्हणाल्या, त्यात नाही मिळवलेस ते इंच?"

ताईने खडूने भरलेले हात मांडीवर पालथे घातले.

"तू त्या दिवशी नव्हतीस," पुढून भावजी म्हणाले. ते मागे वळले नाहीत. "मी होतो. तिच्या तोंडाखाली हात धरला होता मी. ओंजळ भरली माझी."

इतक्या वर्षांत त्या तोंडातून साखरेशिवाय निघालेलं ते पहिलं वाक्य. दुसरी कुणी असती तर विरघळली असती.

"आणि हृदय बंद पडल्यावर कशाखाली हात धरणार होता?" मी विचारलं.

"भांडण नंतर करा," वकीलसाहेबांनी दरडावलं, "नाहीतर मी गाडी बाजूला घेतो." सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी घसा खाकरला. "मास्तर, एक विचारू? माझी खरी किती आहे हो?"

भावजी मान खाली घालून गळ्यातल्या टेपशी चाळा करत राहिले.

"मागच्या पॅन्टच्या वेळी बेचाळीस कापली होती," मागून ताई म्हणाली. "आता टेप लावलेली बघितली, त्रेचाळीस असेल."

वकीलसाहेबांनी आरशातून तिच्याकडे बघितलं. सिग्नल सुटला, मागची गाडी भोंगा वाजवायला लागली तरी ते हलेनात. पुढे हॉस्पिटल येईपर्यंत त्यांनी श्वास आत ओढलेला नव्हता, एवढं मात्र मी बघितलं.

करवत हॉस्पिटलच्या दारातच उभी होती. तिने भावजींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आम्हा दोघांनाही कचऱ्यासारखं बाजूला सारून ताईची चाकाची खुर्ची स्वतः ढकलत आत नेली. हृदयाचा आलेख निघाला, रक्त गेलं, हृदयाचे डॉक्टर आले. नसेत नळी घालून बघावी लागेल, अडथळा असेल तर तिथेच जाळी बसवू, असं ठरलं. ते ठरेपर्यंत ताईने कशालाच नाही म्हटलं नाही. करवतीने गोळीचा विषय काढल्यावर मात्र तिने पलंगाची कड घट्ट धरली.

"माझी गोळी तेवढी राहू दे, मॅडम."

"ऐका," करवत म्हणाली. "ही गोळी एकदम बंद करणं हेच मुळात धोक्याचं असतं. ते मी कधीच करणार नाही. आजार दाबून ठेवायला इंजेक्शन आहे. ते आधी सुरू करीन, ते लागू पडलंय हे तपासून बघीन आणि मग गोळी उतरवायला घेईन. थोडी म्हणजे थोडीच. या मोठ्या डोसवर तुम्हाला असंच ठेवलं तर आज उघडू ती नस पुन्हा भरायला वेळ लागणार नाही. मला गोड बोलता येत नाही म्हणून पेशंट माझ्यावर चिडतात. निदान तुम्हाला तरी त्याचा उपयोग होऊ दे. माझ्या बोलण्यात काही मिळवायचं नाही."

मला ती बाई तेव्हा एकदम आवडली. ताईला नाही आवडली. "बघू," ती म्हणाली, आणि तिला आत नेलं.

बाहेरच्या बाकावर मी एका टोकाला आणि भावजी दुसऱ्या टोकाला. त्यांच्या गळ्यात टेप तशीच लोंबत होती. येणारे जाणारे बघत होते.

"सगळं ठीक होईल," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

त्यांनी टेपचं टोक बोटांत धरलं.

"आता माझं ऐका," मी म्हटलं. "बाहेर आली की ती तुम्हालाच विचारणार, मला नाही. तेव्हा खरं सांगायचं. तोंडाने सांगायचं. खोटं चौतीस ऐकत ऐकतच ती इथपर्यंत आली आहे. तुम्ही आजही थोडंसं, किरकोळ असं काही बोललात, तर ती पुन्हा घरी जाऊन आपल्या मनाने बेरजा करत बसेल आणि ती गोळी सोडणार नाही. आणि नसेल जमत तर आत्ताच सांगा, मी सांगते. मी सांगितलं तर कसं सांगीन, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," भावजी म्हणाले. त्यांनी टेप काढली, गुंडाळली, पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली. मला त्यांची दया आली नाही. ज्यांना यायची असेल त्यांना येवो.

हृदयाचे डॉक्टर बाहेर आले. हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी नस नव्वद टक्के बंद होती, जाळी बसवली आहे, रक्त मोकळं वाहतंय, असं त्यांनी सांगितलं. भावजींनी विचारलं, "म्हणजे आता काळजी नाही ना?" डॉक्टर म्हणाले, "काळजी आहे. आज वाचल्या आहेत. पुढचं साखर, दाब, चरबी आणि त्या गोळीवर अवलंबून." मग ते निघून गेले. भावजी त्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिले.

ताईला खोलीत आणलं तेव्हा तिचे ओठ सुकलेले होते आणि चेहरा तसाच गोल, फक्त रंग उतरलेला. हातांवरचा खडू कुणीतरी पुसला होता. मी पायाशी उभी राहिले. भावजी उशाशी गेले आणि त्यांनी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवला.

"किती बंद होती?" ताईने विचारलं. मला वाटलं होतं तसंच, माझ्याकडे न बघता.

"अगं, थो..." भावजी म्हणाले आणि अडकले. मी पुढे सरकले. त्यांनी दुसरा हात वर करून मला थांबवलं. माझ्यावर त्यांनी हात उगारावा असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

"नव्वद," ते म्हणाले. "शंभरात नव्वद बंद होती."

ताई त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती कठड्यावरच्या त्यांच्या बोटाकडे बघत होती. ती वाट बघत राहिली. मीही तिथेच बघत होते. बोट लोखंडावर पडून होतं, उचललं गेलं नाही.

"बस?" ताईने विचारलं.

"बस. नव्वदच. यात काही मिळवू नकोस." त्यांनी वाकून थेट तिच्याकडे बघितलं. "जाता जाता राहिलीस गं तू."

ताईने सलाइनची सुई टोचलेला हात सावकाश कठड्यापर्यंत नेला आणि ते बोट मुठीत धरलं.

"अहो," ती म्हणाली, "मॅडमना बोलवा. म्हणावं, गोळी कमी करा."